धोद्रो बानामला विसरू नका

पूर्व भारतातल्या संथाळ आदिवासींचं कोरीवकाम म्हणजे लग्नाच्या पालखीवरच्या नक्षीदार फळ्या, असं एका लेखात वाचलं. पालख्या सुंदर आहेतच, पण धोद्रो बानामचा उल्लेख राहून गेला, तो करायलाच हवा. हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेलं. 'धोद्रो' म्हणजे पोकळ. खालच्या खोलगट भागावर कातडं ताणलेलं, वरचा भाग उघडाच.

मला सगळ्यात भावतं ते हे की संथाळ त्याला माणसाचा देह मानतात. त्याच्या भागांना पोट, छाती, मान, कान, डोकं अशीच नावं. डोक्याच्या जागी कधी बाईचा चेहरा, कधी पक्षी, तर कधी नाचणाऱ्यांची अख्खी रांग, हातात हात गुंफलेली! जन्मकथाही तशीच: सात भावांनी मारलेल्या बहिणीच्या देहातून झाड उगवलं आणि त्या लाकडाचा बानाम झाला. म्हणून तो रडतो, गातो.

चदर बदर या संथाळांच्या बाहुल्यांच्या खेळातल्या लाकडी बाहुल्याही बघाच. झारखंडमधल्या दुमका, बंगालमधल्या बीरभूमकडे हा खेळ चालतो; दोरी ओढली की त्या छोट्याशा मंचावर नाचू लागतात. फक्त आता त्या घडवणारे हात फार थोडे उरलेत.