काकांनी स्वतःच्याच विरुद्ध लिहिलेलं पत्र कोर्टात चालेल का?

माहेरचा_हिस्सा

वाटपाचा दावा चालू आहे, 2023 साली दाखल केलेला. आजोबांचं घर, 1988 ला आजोबा गेले. बाबा नोकरीनिमित्त बाहेर, काका घरात राहायचे, म्हणून प्रॉपर्टी कार्डाला एकट्या काकांचं नाव लागलं. बाबांनी कधी हरकत घेतली नाही. आता दोघेही नाहीत. चुलत भावांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलंय की 1990 सालीच तोंडी वाटणी झाली, बाबांना रोख रक्कम दिली आणि घर पूर्ण काकांचं झालं.

बाबांच्या ट्रंकेत काकांचं एक आंतर्देशीय पत्र सापडलं. नोव्हेंबर 1993 चं, टपालाचा शिक्का स्पष्ट आहे, खाली सही. त्यातल्या ओळी जशाच्या तशा देते: "घर माझ्या नावावर लागलं असलं तरी निम्मं तुझं आहे हे मी विसरलेलो नाही. वाटणी तू म्हणशील तेव्हा करू. कौलं बदलायला पदरचे अठरा हजार घातलेत, ते तेव्हा पाहू."

दुसरं पत्र आत्याच्या यजमानांचं. मागच्या दोन खोल्यांचं भाडं ते गोळा करायचे. तेही हयात नाहीत. त्यांनी बाबांना लिहिलंय, "भाड्यातले तुझ्या वाट्याचे चारशे रुपये माझ्याकडे जमा आहेत, मागशील तेव्हा देईन."

चुलत भाऊ म्हणतात, लिहिणारी माणसंच नाहीत तर या कागदांना काय अर्थ. मला पैशापेक्षा बाबांचं लागतं. त्यांनी भावावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांना खोटं ठरवलं जातंय. ही पत्रं चालतील का?

सडेतोड

ऐकीव पुरावा चालत नाही. मेलेल्या माणसाचा उलटतपास कसा घेणार? वकिलाला फी देण्याआधी विचार करा.

दिवाणी_बाजू

ताई, वरचं उत्तर मनावर घेऊ नका. ऐकीव पुरावा चालत नाही हे खरं, पण त्याला अपवाद आहेत आणि तुमचे दोन्ही कागद त्यांत बसतात. मात्र दोन्ही एकाच कलमाखाली येत नाहीत. ही गल्लत बरेच जण करतात आणि मग युक्तिवादाच्या वेळी अडकतात.

आधी कायदा कुठला ते पाहू. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण त्याआधी दाखल झालेल्या प्रकरणांना जुना 1872 चा पुरावा कायदाच लागतो. म्हणून तुमच्यासाठी जुनी कलमं.

काकांचं पत्र ही सरळ 'कबुली' आहे, कलम 18 आणि 21. कबुली पक्षकाराची लागते आणि काका तर दाव्यात नाहीत, असं समोरून म्हणतील. पण तुमच्या चुलत भावांना घरात जो काही हक्क सांगायचाय तो काकांकडूनच आलेला आहे. ज्याच्याकडून हक्क आला त्याने तो हक्क स्वतःकडे असताना केलेलं विधान वारसांवरही चालतं. काका 1993 ला रेकॉर्डवर एकटे मालक होते आणि त्याच वेळी निम्मं भावाचं म्हणत होते. शिवाय हे पत्र 1990 च्या कथित वाटणीच्या तीन वर्षं नंतरचं. वाटणी झालेली असती तर "तू म्हणशील तेव्हा करू" असं कोण लिहील? माझ्या मते तुमच्या दाव्याचा कणा ही एक ओळ आहे.

यजमानांचं पत्र वेगळ्या वाटेने येतं. ते पक्षकार नाहीत आणि त्यांच्याकडून कुणाला हक्कही मिळालेला नाही. इथे कलम 32 चं तिसरं पोटकलम (नव्या कायद्यात कलम 26, खंड क). माणूस मरण पावलेला असेल, सापडत नसेल किंवा साक्ष द्यायला असमर्थ असेल, आणि त्याचं विधान त्याच्या स्वतःच्या पैशाच्या किंवा मालमत्तेच्या हिताविरुद्ध असेल, किंवा त्यामुळे त्याच्यावर फौजदारी खटला वा नुकसानभरपाईचा दावा होऊ शकला असता, तर ते पुराव्यात घेता येतं. "पैसे माझ्याकडे जमा आहेत" असं लिहिणारा स्वतःवर देणं ओढवून घेतो. कायद्याने दिलेलं उदाहरण जवळजवळ हेच आहे: मयत मुनीम मालकाला कळवतो की खंड (जमिनीचं भाडं) मिळाला, तुमच्या वतीने माझ्याकडे ठेवलाय.

आता, चारशे रुपयांतून घरातला हिस्सा कसा सिद्ध होईल? इंग्लंडमध्ये 1808 च्या हायम विरुद्ध रिजवे प्रकरणात जन्मतारखेचा वाद होता. बाळंतपण करणाऱ्या मयत वैद्याच्या वहीत बाळंतपणाची नोंद होती आणि फी मिळाल्याचीही. फी मिळाली म्हणणं त्याच्या हिताविरुद्ध, म्हणून नोंद घेतली गेली आणि तिच्याबरोबर तारीखही आली. "तुझ्या वाट्याचे" हे शब्द तसेच चारशे रुपयांना जोडून येतात.

या सगळ्यामागे साधा विचार आहे. स्वतःच्या फायद्याचं माणूस सहज बोलतो, आपलं नुकसान होईल असं उगाच लिहून देत नाही. म्हणून काकांनी उद्या "घर माझं एकट्याचं" असं कुठे लिहिलेलं निघालं, तर त्याला हे वजन नाही.

अडचणीही सांगतो. कबुली हा अंतिम पुरावा नाही (कलम 31). काकांनी गैरसमजातून किंवा भावाची समजूत काढायला तसं लिहिलं, हे चुलत भाऊ दाखवू शकतात. पण सर्वोच्च न्यायालयाने भरत सिंग विरुद्ध भागीरथी (1966) मध्ये कबुली हा स्वतंत्र, मूळ पुरावा मानलाय, तेव्हा खुलासा आता त्यांना करावा लागेल. आणि पत्र पूर्ण वाचलं जाईल, कौलांच्या अठरा हजारांसकट. ती ओळ लपवायचा विचारही करू नका. उलट तिच्यामुळे पत्र खरं वाटतं.

अक्षराचा प्रश्न येईल. पत्र तीस वर्षांपेक्षा जुनं आहे आणि ज्याला लिहिलं त्याच्याच ट्रंकेत मिळालं, म्हणजे योग्य ताब्यातून. अशा कागदावरची सही आणि अक्षर त्याच माणसाचं, असं कोर्ट कलम 90 खाली गृहीत धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही, म्हणून आत्या अक्षर ओळखत असतील तर त्यांची साक्ष ठेवा. मूळ पत्र दाखल करून निशाणी (कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक) पाडून घ्या. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, शाई आणि कागद तपासता आला पाहिजे.

तिसरं_वर्ष_एलएलबी

एक भर. फौजदारी खटल्याच्या भीतीचा भाग इंग्लंडमध्ये तेव्हा मान्य नव्हता. 1844 च्या ससेक्स पीअरेज प्रकरणात मयत धर्मगुरूने आपण राजघराण्यातला बेकायदा विवाह लावल्याचं मुलाला सांगितलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते घेतलं नाही, फक्त पैशाचं वा मालमत्तेचं हित चालेल म्हणाले. आपल्या 1872 च्या कायद्यात मात्र गुन्हा ठरेल अशा परिस्थितीत लग्न लावणाऱ्या मयत धर्मगुरूचंच उदाहरण आहे, आणि ते चालतं म्हटलंय!

सडेतोड

मग आरोपी पोलिसांना "मी केलं" म्हणाला तर तेही चालायला हवं. तेही स्वतःविरुद्धच की.

दिवाणी_बाजू

नाही. तिथे विधान मनापासून आलं की मारून काढलं हा प्रश्न येतो, म्हणून पोलिसांपुढची कबुली कलम 25 खाली बादच. एका खटल्यातल्या आरोपीने, अघनू नागेशियाने, स्वतः ठाण्यात जाऊन फिर्याद दिली की मी चौघांना मारलं. सर्वोच्च न्यायालयाने 1965 च्या त्या निकालात फिर्यादीतला कबुलीचा भाग बाहेर ठेवला आणि तो सुटला. माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढाच भाग कलम 27 खाली येतो. मकोकासारख्या कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, तो अपवाद.

माहेरचा_हिस्सा

मनापासून आभार. एक राहिलं. मोठ्या चुलत भावाने गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "तुमचा हिस्सा आहे हे मान्य, पण आत्ता विकायचं नाही." आता तो म्हणतो, ते तडजोडीचं बोलणं होतं.

दिवाणी_बाजू

तो स्वतः प्रतिवादी, म्हणजे कबुली थेट त्याची. मात्र ती त्याच्यापुरती. धाकट्या भावावर ती आपोआप लागणार नाही. तडजोडीचं म्हणून बाद व्हायला (कलम 23) हे पुराव्यात वापरायचं नाही अशी स्पष्ट अट हवी, किंवा तसं दोघांचं ठरलं होतं हे परिस्थितीवरून दिसायला हवं. मागचेपुढचे मेसेज वाचून वकिलांना दाखवा. नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही, कलम 65ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल (2020) निकालानुसार प्रतीसाठी ते बंधनकारक आहे; मूळ फोनच कोर्टात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर मात्र ते लागत नाही. मूळ फोन सांभाळून ठेवा, तो बदलू नका, चॅट पुसू नका. पुढची तारीख सरतपासाची (तुमच्या स्वतःच्या साक्षीची) असेल तर दोन्ही पत्रांचा उल्लेख शपथपत्रातच आला पाहिजे.