मदत हवी आहे: कॉमिक्सच्या अंकांचे पैसे आगाऊ भरलेत, पण आता ते वाचावेसे वाटत नाहीत. बंद करू का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. शनिवारपर्यंत दुकानदाराला कळवायचंय, म्हणून थेट विचारतो. बारा अंकांचे पैसे भरून ठेवलेत. एक अंक कुरिअर धरून साडेपाचशेला पडतो. आणि आधीचे पाच अंक नुसते चाळून बाजूला ठेवलेत.

काल संध्याकाळी पाकीट आलं. पूर्वी पाकीट फोडायच्या आधी मी हात धुऊन, पुसून घ्यायचो. काल ओट्यापाशी उभ्याउभ्याच फोडलं आणि चहा उकळेपर्यंत अंक संपला. गोष्टीची पानं वीस. त्यातली आठ मारामारीत गेली. मग एक अख्खं पान नायक गच्चीच्या कठड्यावर उकिडवा बसून पाऊस बघतोय, एक शब्द नाही. शेवटच्या पानावर तीच धमकी, जी मागच्या अंकाच्या शेवटी होती. त्यात चित्रकार मध्येच बदललाय. मुखवटा काढला की हा कोण ते संवाद वाचून ओळखावं लागतं.

सातवीत असताना वडिलांनी मिरज जंक्शनच्या स्टॉलवर पहिला अंक घेऊन दिला होता. तेव्हापासूनचं नातं आहे, तोडवत नाही. चालू ठेवू की बंद करू? आणि भरलेल्या पैशांचं काय होतं? अनुभव असेल त्यांनीच सांगा.

आयर्विनपार
कुठली मालिका? कुठलं दुकान, सांगलीतलं की बाहेरचं? मुद्द्याचं काहीच लिहिलं नाही राव.

विश्रामबागकर
स्पायडरमॅन, अजून कोण. दुकान पुण्यातलं. नाव इथे नको.

आयर्विनपार
अहो, स्पायडरमॅनच्या एका वेळी तीन-चार मालिका चालू असतात. अमेझिंग की अल्टिमेट? दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

विश्रामबागकर
अमेझिंग. महिन्यातून दोनदा निघते ती.

कवटीची अंगठी
मी साताऱ्याचा, वय ६१. स्पष्ट सांगतो, हे सगळं सोडा आणि इंद्रजाल कॉमिक्स जमवायला लागा. मार्च १९६४ मध्ये सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली, मराठीतूनही निघायची. वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मँड्रेक, नंतर आबिद सुरती यांचा बहादूर. आमच्या वाड्यात एक अंक सात घरं फिरून परत यायचा तेव्हा पिना निघालेल्या असायच्या, पण गोष्ट पाठ झालेली असायची. साडेपाचशे रुपयांत उभ्याउभ्या संपणारा अंक घेण्यापेक्षा हे कधीही बरं.

नागमणी
काका, जुने इंद्रजाल आता मिळतात का, आणि मिळाले तर कुठल्या भावाने? त्यापेक्षा हिंदी राज कॉमिक्समधले नागराज, ध्रुव वाचा. नागराज १९८६चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७चा. ध्रुवकडे कुठलीही शक्ती नाही, डोकं चालवतो. अनुपम सिन्हा लिहायचे पण तेच आणि चित्रं पण तेच काढायचे, त्यामुळे चेहरा बदलायची भानगडच नाही. विश्रामबागकर, तुमचा निम्मा त्रास इथेच संपतो.

विश्रामबागकर
नागराज वाचलेत. प्रश्न तो नाहीये. हातात असलेल्या ऑर्डरचं काय करू?

कोरडं कपाट
अंक ठेवता कशात ते आधी सांगा. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या गावभागातल्या घरात तळमजला बुडाला. माझे दोनशेच्या वर अंक पलंगाखालच्या ट्रंकेत होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर सगळ्यांची मिळून एकच वीट झालेली. गुळगुळीत कागद भिजला की पान पानाला चिकटतं आणि वाळल्यावर सोडवायला गेलं की रंगासकट निघतं. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका. पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि पहिल्या मजल्यावर ठेवा.

विश्रामबागकर
दादा, वाचून वाईट वाटलं. माझे माळ्यावर आहेत. पण मी वेगळं विचारतोय.

आयर्विनपार
मूळ मुद्द्यावर येऊ. तुम्हाला नक्की काय खुपतंय? चित्रं, की गोष्ट पुढे सरकत नाही ते? चित्रकाराचं कारण सरळ आहे. महिन्याला दोन अंक काढायचे तर एकाच्या हाताला तेवढी पानं झेपत नाहीत, म्हणून आलटूनपालटून देतात.

विश्रामबागकर
चित्रं मी सहन करीन. मला खुपतं ते हे की त्याच्या आयुष्यात काही टिकू देत नाहीत. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, गोष्ट फुटेल.)

१९८७ मध्ये पीटर (म्हणजे स्पायडरमॅनच) आणि मेरी जेनचं लग्न लावलं. २००७ मध्ये मे काकूचा जीव वाचवायच्या बदल्यात सैतानाशी सौदा दाखवून ते लग्न झालंच नाही असं करून टाकलं. वीस वर्षांचा संसार पुसला. २०२२ मध्ये नव्याने पहिला अंक काढला, तर मेरी जेन दुसऱ्याच माणसाबरोबर, सोबत दोन मुलं. वर्षभर ताणलं आणि २०२३ मध्ये कळलं की ती मुलं खरी नव्हतीच. त्याच सुमारास कमला खानला (मिस मार्व्हल) मारलं, दोन महिन्यांत दुसऱ्या मालिकेत जिवंत केलं. मी त्या पोरीसाठी खरोखर हळहळलो होतो. आता कोणी मेलं तरी मी पान उलटतो. ही सवय मला लावली गेली, याचा राग आहे.

कवटीची अंगठी
बरोबर बोललात. म्हणून तर वेताळ. त्याचं डायनाशी लग्न १९७७ साली झालं, मग जुळी मुलं झाली, किट आणि हेलॉइज. कोणी पुसलं नाही. बाप झाल्यावरही त्याचा दरारा तसाच. शिवाय तो एकविसावा, आधीचे वीस मेलेले आहेत आणि मेलेलेच राहिले.

नागमणी
काका, वेताळ जंगलात गोरा राजा होऊन बसलाय, आजच्या पोरांना ते कसं वाचायला द्यायचं? माझ्या भाच्याने हाच प्रश्न विचारला.

कवटीची अंगठी
हा प्रश्न योग्य आहे, नाकारत नाही. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

ऑर्डरवही
मी चार वर्षं अशा दुकानात ऑर्डरी लिहायचो, म्हणून सांगतो. अमेरिकेतले सुटे अंक दुकानदाराला सहसा परत करता येत नाहीत, उरले तर त्याच्या गळ्यात. पण शेवटचा आकडा त्याला अंक निघायच्या काही आठवडे आधी कळवायचा असतो, तोवर कमीजास्त करता येतं. म्हणजे तुमच्या बारांतले जवळचे दोन-चार अंक पक्के झाले असतील, ते घ्यावेच लागतील. बाकीचे अजून फक्त त्याच्या वहीत आहेत. त्याला फोनवर इतकंच विचारा, "कुठल्या अंकापर्यंतची ऑर्डर वर गेली आहे?" रोख परत मागू नका, ती बहुतेक देत नाहीत. उरलेले पैसे दुसऱ्या पुस्तकाला वळवून मागा, ते सहज करतात.

आयर्विनपार
+१. आणि वळवायचेच तर अल्टिमेट घ्या, सुटे अंक नको, खंड. जानेवारी २०२४ला सुरू झाली. लेखक जोनाथन हिकमन, चित्रं मुख्यतः मार्को चेकेट्टो. यातला पीटर तिशी ओलांडलेला, मेरी जेनशी लग्न झालेलं, दोन लेकरं, आणि शक्ती त्यानंतर मिळते. पहिल्या खंडात सहा अंक आहेत. तुमचं दुखणं वाचून हेच डोक्यात आलं होतं, पण तुम्ही मालिकेचं नाव सांगायलाच दोन प्रतिसाद घेतलेत.

कोरडं कपाट
खंड जाड असतात, त्यांना मोठ्या पिशव्या लागतात हे लक्षात ठेवा.

विश्रामबागकर
आत्ताच फोन केला. तीन अंक पक्के झालेत, नऊ वळवता येतील. माणूस चांगला निघाला, "कंटाळा आला तर आधी सांगायचं की," म्हणाला. अल्टिमेटचे पहिले दोन खंड मागवलेत, बाकीचे पैसे जमा ठेवायला सांगितलेत. ऑर्डरवही, आयर्विनपार, मनापासून आभार.

ते तीन अंक आले की वाचीन. हात धुऊन वाचीन.

नागमणी
वाचून झाल्यावर द्याल का? कुपवाडला असतो, येऊन घेऊन जाईन.

कवटीची अंगठी
सांगलीत कोणाकडे बहादूरचे मराठी अंक असतील तर मलाही कळवा. फाटके चालतील.