मदत हवी आहे: आयसीयूतल्या ट्रॉमा (गंभीर दुखापत) रुग्णांचे मृत्यू ट्रिसच्या (वाचण्याची शक्यता काढणाऱ्या सूत्राच्या) अंदाजापेक्षा जास्त का येतात?

आकडेमोड: आयसीयूत दाखल झालेल्या ट्रॉमा रुग्णांचं ऑडिट चालू आहे. प्रत्येकाचा आयएसएस (सगळ्या दुखापती मिळून गंभीरतेचा स्कोर) आणि ट्रिस काढला. ट्रिसनुसार अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू बरेच जास्त आहेत. अनेक रुग्ण इंट्यूबेट होऊनच (श्वासनलिकेत नळी घालूनच) येतात, त्यांचा जीसीएस (शुद्धीचा स्कोर, ३ ते १५) ३ धरलाय. लवकर ट्रेकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी) झालेले मात्र जास्त वाचलेले दिसतात. आपण उपचारांत कमी पडतोय की हिशेबात? ट्रेकिओस्टॉमीचा निष्कर्ष विभागात मांडायचा आहे.

अतिदक्ष: आधी जीसीएस. सगळ्यांना ३ दिलात की अपेक्षित मृत्यू फुगतात. म्हणजे ही चूक सुधारली की तफावत कमी नाही, वाढणार आहे. इंट्यूबेशनच्या आधीचा जीसीएस आणि श्वसनदर अॅम्ब्युलन्सच्या किंवा कॅज्युअल्टीच्या नोंदीतून शोधा. व्हेंटिलेटरवर लावलेला दर हा रुग्णाचा दर नव्हे. पूर्ण जीसीएस मिळाला नाही तर मोटर स्कोर (त्यातला हालचालीचा भाग) तरी वेगळा नोंदवा, सर्वांत जास्त माहिती त्यातच असते.

मग कोडिंग. पहिल्या सीटी रिपोर्टवरूनच एआयएस (एकेका दुखापतीचा स्कोर) दिलेत का? शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात सापडलेल्या दुखापती धरल्या नाहीत तर आयएसएस खाली राहतो आणि अपेक्षित मृत्यूही. शिवाय आयएसएस शरीराच्या एका भागातली एकच दुखापत मोजतो. यकृत ४, प्लीहा ३, पाय २ असेल तर वर्ग करून आयएसएस १६+४ म्हणजे २०. एनआयएसएस (नवा आयएसएस) तिन्ही धरतो, १६+९+४ म्हणजे २९. पोटाच्या दुखापती जास्त असतील तर दोन्ही काढा.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. ट्रिस रुग्णालयात पोहोचतानाची स्थिती बघतो आणि तो सगळ्या ट्रॉमा रुग्णांसाठी बनवलेला आहे. तुमच्या यादीत वॉर्डात बिघडून आयसीयूत आलेले रुग्ण आहेत. तेवढ्याच स्कोरचे, बरे होऊन घरी गेलेले नाहीत. उलट कॅज्युअल्टीत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये दगावलेलेही नाहीत. दोन्हींचा परिणाम विरुद्ध दिशेने होतो, त्यामुळे निव्वळ आकड्यावरून दर्जा ठरवू नका. वयाचंही तसंच: ट्रिसमध्ये ५५ च्या खाली की वर एवढंच, म्हणजे ५६ आणि ८५ सारखेच. जुने आजार त्यात नाहीतच. वृद्ध रुग्ण वेगळे काढून बघा. जोडीला अपाची दोन (आयसीयूतल्या आजाराच्या गंभीरतेचा स्कोर) काढायचा असेल तर लक्षात ठेवा, तो आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतली सर्वांत वाईट मूल्यं घेतो. दोन्हींचं घड्याळ वेगवेगळ्या क्षणी सुरू होतं.

जोखीमगणित: ट्रेकिओस्टॉमीचा निष्कर्ष कृपया अजून मांडू नका. सातव्या दिवशी ट्रेकिओस्टॉमी व्हायची तर रुग्ण सातव्या दिवसापर्यंत जिवंत असावा लागतो. दुसऱ्या दिवशी दगावलेला आपोआप 'न झालेल्यां'त जातो. उपाय: सातव्या दिवशी जिवंत आणि व्हेंटिलेटरवर असलेलेच रुग्ण घ्या, त्या दिवसापर्यंत ट्रेकिओस्टॉमी झाली की नाही यावर गट करा, आणि मृत्यू तिथून पुढचे मोजा. तरीही निवडीचा प्रश्न उरतोच, कारण जो टिकेल असं वाटतं त्याचीच ट्रेकिओस्टॉमी होते.

व्हेंटिलेटरचे दिवसही नुसते मोजू नका. दोन दिवसांत दगावलेल्याचे 'दोनच दिवस' छान दिसतात. २८ पैकी व्हेंटिलेटरमुक्त दिवस काढा: १० दिवस व्हेंटिलेटरवर राहून सुटलेल्याचे १८, २८ दिवसांत मृत्यू झालेल्याचे ०.

आकडेमोड: जीसीएस आणि एआयएस पुन्हा तपासतो, ट्रेकिओस्टॉमीचा तक्ता तूर्त बाजूला. डोक्याला मार लागलेल्यांचं काय? त्यातले बरेच इतरत्र हलवले जातात.

अतिदक्ष: त्यांना 'जिवंत डिस्चार्ज' म्हणून सोडून देऊ नका, नंतर काय झालं तेच तर कळायला हवं. सहा महिन्यांनी फोनवर ठरावीक प्रश्नावलीने जीओएस-ई (मेंदूच्या दुखापतीनंतर रुग्ण कितपत सावरला याचं मोजमाप) घ्या. पातळ्या ८ आहेत. १ म्हणजे मृत्यू, ८ म्हणजे जवळजवळ पूर्ण बरा. रुग्ण बोलू शकत नसेल तर सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि अपघाताआधी तो काय काय स्वतः करायचा हे आवर्जून विचारा, नाहीतर जुनं अपंगत्व दुखापतीच्या खात्यात जातं. हलवतानाच दोन नातेवाइकांचे फोन नंबर लिहून घ्या, एक नंबर बंद पडतोच.