छायाचित्रकारांवरचे जुने माहितीपट : आपला अनुभव लिहावा

छायाचित्र आपल्यासमोर येते, पण ते काढणारा माणूस त्याआधी किती वेळ ताटकळला होता, हे त्यात दिसत नाही. जुन्या माहितीपटांत मात्र ते पाहायला मिळते. मुंबईत असे माहितीपट आपण कुठे पाहिले आणि त्यांतले काय मनात राहिले, ते सविस्तर लिहावे.

गिरगाव

आमचा छोटा स्टुडिओ होता आणि अण्णा ग्रुप फोटो शेवटपर्यंत प्लेट कॅमेऱ्यावरच काढत. एका फिल्म सोसायटीने अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांच्यावरचा, विलर्ड व्हॅन डाइक यांनी १९४८ साली केलेला ‘द फोटोग्राफर’ दाखवला, तेव्हा मी अण्णांना आग्रहाने घेऊन गेलो. वेस्टन यांनी काळ्या कापडात डोके घातले आणि अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “अरे, यांनाही काचेवर उलटेच दिसत असणार,” एवढेच ते पुटपुटले. अशा कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर समोरचे दृश्य उलटे उमटते. वेस्टन ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. त्यामुळे प्रतिमा नंतर मोठी करून सावरण्यापेक्षा चौकट काय ती काचेवरच ठरवावी लागे. लेन्सचे झाकण काढून ‘एक, दोन, तीन’ मोजायची अण्णांची सवय होती. त्या अंधारातही त्यांचे ओठ मोजताना हलत होते, ते मी पाहिले. वेस्टन यांना तेव्हा कंपवाताने गाठले होते आणि कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोबॉसच्या किनाऱ्यावर त्यांनी शेवटची निगेटिव्ह त्याच वर्षी घेतली, हे पुष्कळ उशिरा माझ्या वाचनात आले. त्यानंतर तो माहितीपट पाहताना माझी नजर त्यांच्या हातांवरून हलत नाही.

दादर

निसर्गदृश्यांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्यावरचा एकोणीसशे पन्नासच्या दशकातला माहितीपट मी पाहिला आहे. ते मूळचे पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते मानत. मी गाणे शिकते, त्यामुळे एकच बंदिश रोज नव्याने मांडावी लागते हे मला ठाऊक होते. डार्करूममध्येही तसेच घडते, हे मात्र तेव्हा उमगले.

विलेपार्ले

सबीना गडिहोक यांचा १९९८ चा ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ मी शिकत असताना कॅसेटवर पाहिला. त्यातल्या तिघींपैकी एक, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, आणि १९७० साली त्यांनी व्यावसायिक छायाचित्रण कायमचे थांबवले. ज्या बाईंनी नेहरूंना इतक्या जवळून टिपले, त्यांना स्वतःच्या कामाविषयी बोलताना ऐकणे मला फार मोलाचे वाटले, कारण तोवर आमच्या वर्गात कॅमेऱ्यामागची बाई म्हणून कोणाचेही नाव निघाले नव्हते. पुढच्या वर्षी धाकट्या मुलींना दाखवायला म्हणून मी ती कॅसेट कपाटातून काढली, तर तिच्यावर कोणीतरी स्नेहसंमेलन चित्रित करून ठेवले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते. कोणाकडे जुनी प्रत असेल, तर कृपया कळवावे. मी पार्ल्याहून कुठेही यायला तयार आहे.