आपल्या नावाचा पहारा आपणच किती दिवस करायचा?

फिक्स्चरवाला

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या भोसरीच्या शेडच्या गेटवर तीन मुलं येऊन थांबली. दोघं बीडची, एक लातूरचा, तिघंही आयटीआय झालेली. हातात आमच्या लेटरहेडवरचं ऑफर लेटर आणि खाली माझ्या वडिलांची सही. 'रजिस्ट्रेशन आणि गणवेश' म्हणून प्रत्येकाने अडीच हजार भरलेले. त्यांनी मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. ती ज्या प्रोफाइलवरून आली, तिथे वडिलांचा फोटो होता, आमच्याच वेबसाइटवरून उचललेला.

आमचं चौदा माणसांचं वर्कशॉप आहे, जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर काम पक्कं धरून ठेवायची साधनं, बनवतो. शेवटची भरती होऊन दोन वर्षं झाली. मुलांना चहा-वडापाव दिला, एसटीचे पैसे दिले. निघताना एकाने विचारलं, "मग साहेब, सही कुणाची आहे?" मला काही बोलता आलं नाही.

महिन्याभरात दुसरा दणका. कोइमतूरच्या ग्राहकाला 'आमचा' मेल गेला की बँक बदलली आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरा. डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव, हुबेहूब आमचं वाटावं असं डॉट कॉम. फक्त 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. ६ लाख ८० हजार गेले. ग्राहक म्हणतो, मेल तुमच्या नावाने आला, आम्ही पैसे भरले. माझं बिल तसंच थकलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चालू खातं उघडायला बँक जीएसटी मागते, उद्यम मागते, शॉप अ‍ॅक्ट मागते. मग सोशल मीडियावर कंपनीच्या नावाने पान उघडणाऱ्याला, जाहिरात देणाऱ्याला, डोमेन घेणाऱ्याला हे कुणीच का विचारत नाही? ओळख आधी तपासा, मगच नाव लावू द्या. तपासलं नाही तर नुकसानीत वाटा उचला. आज चोराला पाच मिनिटं लागतात आणि मला सहा महिने. असा कायदा हवा असं मला मनापासून वाटतं. विरोध असेल तर तोही लिहा.

शिवाजीनगर_कोर्ट

मी वकील आहे, अशी प्रकरणं चालवते. झालं ते वाईटच, पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

कायदा नाही असं नाही. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीचं तसलं साधन वापरलं तर आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम ६६ग, संगणक वापरून तोतयेगिरी करून फसवलं तर ६६घ. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेत कलम ३१९ आहे, त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत. अडतं ते तपासात. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास कलम ७८ प्रमाणे पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. असे अधिकारी किती आणि तक्रारी किती, ते ठाण्यात बसलेल्याला विचारा. नवं कलम घालून त्यांची संख्या वाढत नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. माणूस आणि कंपनी यांच्याकडे नियम वेगळ्या नजरेने बघतात. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा कुणी तोतया बनून तुमचं रूप घेतलं किंवा फोटोत फेरफार करून टाकला, तर तक्रारीनंतर २४ तासांत काढायची मुदत घातली गेली. पण ती तक्रार व्यक्तीची हवी. कंपनीचं नाव चोरलं ही तक्रार तेव्हा साध्या रांगेत, पंधरा दिवसांत निकाली काढायच्या तक्रारींत गेली. तुम्ही तक्रार कंपनीच्या नावाने केलीत की वडिलांच्या?

फिक्स्चरवाला

कंपनीच्या नावाने, कंपनीच्या मेलवरून. वडिलांच्या नावाने करायची हे कुणी सांगितलंच नाही. पान एकोणिसाव्या दिवशी उतरलं.

शिवाजीनगर_कोर्ट

मग मधले अठरा दिवस तिथे गेले. फोटो वडिलांचा होता, तक्रार त्यांनी किंवा त्यांच्या वतीने तुम्ही करायची होती.

दुसरी_पाळी

माझाही विरोध, पण कारण निराळं.

हिंजवडीतल्या एका कंपनीत लोकांकडून राजीनामे लिहून घेत होते, पगार दोन-दोन महिने अडकवत होते. आम्ही सहा जणांनी एक निनावी पान चालवलं. नाव साधं ठेवलं, कंपनीचं नाव आणि पुढे 'कर्मचारी, पुणे'. कुणाची फसवणूक नाही, एक पैसा घेतला नाही. फक्त काय चाललंय ते लिहायचो, कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा ते सांगायचो. कंपनीने 'आमचं नाव चोरलं, लोकांची दिशाभूल होते' अशी तक्रार केली आणि दोन दिवसांत पान गायब. आम्हाला एक शब्द विचारला नाही.

म्हणजे ज्यांच्याकडे कायदा विभाग आहे त्यांचं नाव आजही दोन दिवसांत जपलं जातं, तुमचं एकोणीस दिवसांत. तुमचा 'आधी ओळखपत्र दाखवा' हा नियम आला तर आमचं पान उघडलंच नसतं. उघडलं असतं तर आमची सहा नावं कुठल्या तरी फाइलमध्ये असती, आणि ती फाइल कधी ना कधी एचआरच्या टेबलावर गेली असती. घरचे हप्ते चालू असताना कोण हिंमत करेल? तुमच्या गेटवर आलेल्या मुलांइतकीच आमच्यातल्या नोकरी गेलेल्या दोघांचीही काळजी करा.

वाड्यातला

मी सदाशिव पेठेतला, वय वर्षं एकाहत्तर. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीवरून लोक पुणेकरांना हसतात. मला ती पाटी फार शहाणपणाची वाटते. जो माल आम्ही केला तेवढ्याचीच जबाबदारी आमची, आमच्या नावाने दुसरीकडे कुणी विकत असेल तर तो आमचा नव्हे, हे गिऱ्हाइकाला दारातच सांगितलेलं. आता दुकानाचं दारच फोनमध्ये गेलं. तिथे पाटी लावायची कुठे? म्हणून धागाकर्त्याच्या बाजूने माझं मत.

पण एक भीती आहे. नाव कुणाचं हे ठरवणार कोण? जोशी, कुलकर्णी, पाटील, शिंदे या नावांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. एकाने नोंदणी केली म्हणून दुसऱ्याने आजोबांचं नाव उतरवायचं का?

शिवाजीनगर_कोर्ट

काका, त्याची सोय आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९, कलम ३५. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. आणि कलम ३४ प्रमाणे नोंदणीच्या आणि नोंदणीवाल्याच्या वापराच्याही आधीपासून जो ते नाव सतत वापरतोय, त्यालाही संरक्षण आहे.

दुसरी_पाळी

सोय कागदावर आहे, पण ती मिळवायला किती वर्षं लागतात ते आपल्याच शहरात पाहा. अमेरिकेच्या बर्गर किंग कंपनीने पुण्यातल्या त्याच नावाच्या रेस्टॉरंटवर २०११ मध्ये दावा लावला. पुण्यातलं दुकान १९९२ पासूनचं. कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने अपील चालू असेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. तेरा-चौदा वर्षं! नोंदणीचा कागद एकाकडे, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे, आणि कोर्टालाही हे एका झटक्यात ठरवता आलं नाही. मग प्लॅटफॉर्मवर बसलेला माणूस, किंवा तिथलं यंत्र, नाव लावायच्या आधीच दोन मिनिटांत कसं ठरवणार? ते सरळ मोठ्याच्या बाजूने कौल देणार.

फिक्स्चरवाला

हा मुद्दा मला पटतोय. तुमच्या पानाचं जे झालं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाणेरचा_सर्व्हर

कायद्यावर बोला, पण आधी एक सांगा. कोइमतूरचं बिल थकलंय, रक्कम किती, कुणाच्या नावाने मेल टाकायचा, हे चोराला कळलं कसं? लांबून अंदाजाने हे जमत नाही. तुमची किंवा ग्राहकाची, कुणाची तरी मेलपेटी आधीच कुणी तरी वाचत होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघा, येणारे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचा नियम कुणी लावून ठेवलाय का. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो आणि मेल जात राहतात. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू आहे का?

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही व्यवस्था लावलीच पाहिजे, म्हणजे तुमच्याच डोमेनच्या नावाने बाहेरचा कुणी मेल पाठवू शकत नाही. पण 'एम'चा 'आरएन' केलेलं डोमेन हे तांत्रिकदृष्ट्या निराळंच डोमेन आहे, तिथे डीमार्कचा काही उपयोग नाही. तिथे एकच उपाय. खातं बदललं असा मेल आला की जुन्या, पाठ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि पैसे गेले की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. तुमच्या ग्राहकाने कधी केला?

फिक्स्चरवाला

आठव्या दिवशी. मी पैशांची आठवण करायला फोन केला तेव्हाच त्याला कळलं. तोवर खात्यातून सगळं निघून गेलं होतं.

मेलचा नियम आत्ताच पाहिला. आमच्या अकाउंट्सच्या मेलवर आहे, 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर जातोय. हे वाचून हात थरथरतायत.

बाणेरचा_सर्व्हर

काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तो पत्ता आणि नियम दोन्ही दिसेल असा. मग नियम काढा, पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट, टू-स्टेप. तो स्क्रीनशॉट पुरावा आहे.

स्वरलेखा

थोडं विषयाच्या कडेने. कलाकारांच्या बाबतीत कोर्टं वेगाने हलली आहेत. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये मनाई केली, आशा भोसले यांच्या आवाजाला २०२५ मध्ये तसंच संरक्षण दिलं. मला दोन्ही निकालांचा आनंद झाला. पण त्यांचा मोठा आधार असा, की नामवंताच्या नावाला, आवाजाला बाजारात किंमत आहे आणि दुसरा ती फुकट लाटतोय. आमच्या नारायण पेठेतल्या गुरुजींच्या आवाजात एका विद्यार्थिनीच्या आईला 'अडचणीत आहे, वीस हजार पाठव' असा निरोप आला. त्यांच्या आवाजाला बाजारात किंमत नाही, पण तीस वर्षांच्या शिष्यांच्या मनात आहे. ती किंमत कोर्टापुढे कशी मांडायची? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा प्रत्येकाचा मूलभूत हक्क ठरवला. आवाज जपायला प्रसिद्धीची अट नको, असं मला वाटतं.

शिवाजीनगर_कोर्ट

स्वरलेखाताई, पूर्ण सहमत.

आता फिक्स्चरवाल्यांसाठी, कारण तुमची केस मला आता वेगळी दिसते. तुमचा 'सगळ्यांची ओळख तपासा' हा मुद्दा मला अजूनही नामंजूर. पण मुलांनी जाहिरात पाहिली म्हणालात, ती पैसे देऊन केलेली जाहिरात होती का? 'प्रायोजित' असं लिहिलेलं?

फिक्स्चरवाला

हो. मुलांच्या फोनमधला स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

शिवाजीनगर_कोर्ट

मग तो वेगळा प्रश्न. आयटी कायद्याच्या कलम ७९ मधलं संरक्षण, ज्याला सेफ हार्बर म्हणतात, मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर नुसता पोचवणाऱ्याला, आहे. निरोप कुणाला जावा हे ज्याने निवडलं नाही आणि जो काळजीपूर्वक वागला, त्याला. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालामुळे मजकूर काढण्यासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो असं प्लॅटफॉर्म सांगतात, आणि लोकांच्या मतांबद्दल ते योग्यच आहे. पण पैसे घेऊन, बीड-लातूरच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना शोधून जाहिरात दाखवली, तर तो नुसता पोस्टमन उरतो का? ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्समध्ये म्हटलं की जाहिरातींच्या धंद्यात गूगल निष्क्रिय मध्यस्थ नाही, ट्रेडमार्कचा भंग होत असेल तर सेफ हार्बर मिळणार नाही. तो वाद ट्रेडमार्कचा होता, तोतया भरतीचा नव्हता. पण वाट तिथून निघते.

त्यासाठी नाव नोंदवलेलं हवं. तुमच्यासारख्या लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क. नोंदणी असेल तर कलम १३४ मुळे दावा पुण्यातच लावता येतो. चोर कोण ते माहीत नसलं तरी चालतं, आपल्याकडे अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' म्हणतात.

फिक्स्चरवाला

आणि ते नकली डोमेन? ते अजून चालू आहे.

शिवाजीनगर_कोर्ट

डॉट कॉम असल्याने युडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद सोडवायची आंतरराष्ट्रीय पद्धत. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी फसवं साधर्म्य असलेलं, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि घेतलं व वापरलं ते वाईट हेतूने. तुमच्या केसमध्ये तिन्ही स्पष्ट आहेत. पण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाचं शुल्कच १,५०० डॉलर, आणि मिळतं फक्त डोमेन. भरपाई एक रुपया नाही. आधी रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्या कंपनीकडून ते डोमेन घेतलं तिच्या, गैरवापर कक्षाला मूळ मेलसकट तक्रार करा, ती फुकट असते आणि फिशिंगला, म्हणजे अशा फसव्या मेलच्या प्रकाराला, बऱ्याचदा पुरते.

भरपाईसाठी दुसरं दार आहे, तिथे फार कमी लोक जातात. आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात, पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये पुण्यातल्याच एका कंपनीचे फिशिंगमध्ये सुमारे ८० लाख गेले होते. तिथे बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश झाला. सगळे का नाही, तर फसव्या मेलला उत्तर देण्यात कंपनीचीही चूक धरली. पैसे ज्या खात्यात उतरले ते कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हा तुमच्या ग्राहकाचा प्रश्न असला पाहिजे. बँक जीएसटी, उद्यम सगळं मागते असं तुम्हीच म्हणालात ना? मग चोराचं खातं उघडलं कसं?

वाड्यातला

हे मात्र नेमकं बोललात.

फिक्स्चरवाला

माझी मागणी बदलतो. पान उघडणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासा, हे मागे घेतो. दुसरी_पाळी, तुमचं पान उघडं राहायलाच हवं होतं. पण जिथे पैसे घेऊन नोकरीची जाहिरात दाखवली जाते तिथे देणारा कोण हे आधी तपासायलाच हवं. तिथून मी हलणार नाही. आणि लहान कंपनीची तक्रारही व्यक्तीच्या तक्रारीइतक्याच वेगाने ऐका.

दुसरी_पाळी

जाहिरातीपुरतं मान्य. 'वेगाने' ला माझी हरकत कायम. पान उतरवायच्या आधी चालवणाऱ्याला एकदा तरी विचारा, ही अट नसेल तर तोच वेग आमच्यावर चालतो.

शिवाजीनगर_कोर्ट

फिक्स्चरवाले, एक राहिलं. भरतीच्या फसवणुकीत पैसे मुलांचे गेलेत, त्यांनी फिर्याद द्यायला हवी. पुण्याला यायची गरज नाही, आपापल्या गावच्या ठाण्यात देता येते. त्यांचे नंबर आहेत?

फिक्स्चरवाला

बीडच्या दोघांचे आहेत. लातूरच्या मुलाचा घ्यायचा राहिला. तो त्या दोघांच्या ओळखीचा असेल तर मिळेल. सकाळी फोन करतो.

शिवाजीनगर_कोर्ट

करा. आणि सांगा, ऑफर लेटरचा मेल पुढे पाठवू नका, उडवू नका, आला तसा राहू द्या. पैसे ज्या यूपीआय आयडीवर भरले त्याची पावतीही.