मदत हवी आहे : पाण्यावरच्या पॉलिमर थरात ठिपके आणि धागे एकत्र येतायत

नमस्कार मंडळी. लँगम्युअर ट्रफवर (पाण्यावर तरंगणारा पातळ थर सरकत्या पट्ट्यांनी दाबायचं उथळ भांडं) काम केलेलं कुणी आहे का इथे?

पॉलिस्टायरीन आणि पॉलिइथिलीन ऑक्साइड यांचा डायब्लॉक कोपॉलिमर (दोन पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडलेला रेणू) मी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून सिरिंजने पाण्यावर थेंब थेंब सोडते. पॉलिइथिलीन ऑक्साइड पाण्यावर पसरतं, पॉलिस्टायरीनला पाणी सोसत नाही, ते आपसात गोळा होतं. क्लोरोफॉर्म उडाला की पॉलिस्टायरीन कडक होतं (काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक असतं ते, 100 अंश सेल्सिअसच्या आसपास), आणि बनलेला आकार तसाच गोठतो. सगळा खेळ त्या काही सेकंदांचा!

मला नुसते गोल ठिपके हवेत. पण थर अभ्रकावर उचलून एएफएमखाली (सूक्ष्म टोक पृष्ठभागावरून फिरवून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक) पाहिला की ठिपक्यांच्या मधूनमधून शेवयांसारखे लांब धागे दिसतात, तेही एकाच नमुन्यात. पॉलिइथिलीन ऑक्साइडचं प्रमाण वाढवलं तर ठिपकेच येतात हे ठाऊक आहे, पण पॉलिमर बदलणं सध्या शक्य नाही. राहिला मार्ग द्रावण पातळ करण्याचा. मग तेवढंच पॉलिमर टाकायला क्लोरोफॉर्म जास्त सोडावा लागतो, ही अडचण.

तर, किती पातळ द्रावणापर्यंत जाणं योग्य? टोल्युइनसारखा सावकाश उडणारा द्रावक घेऊन कुणाला फरक दिसलाय का? बॅरियरचा (थर दाबणाऱ्या सरकत्या पट्टीचा) वेग बदलून धागे जातील असं मला वाटत नाही. थर दाबताना पृष्ठदाबाच्या आलेखात 10 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास येणारा सपाट भाग पॉलिइथिलीन ऑक्साइड पाण्यात उतरण्याचा आहे, गोठलेले धागे त्याने कसे तुटणार? कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.