मदत हवी आहे : बूच मेलेले होते, मग त्यात पेशी कशी सापडली?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते. माझी पुतणी मराठी माध्यमात नववीत आहे आणि तिचा धाकटा भाऊ कन्नड माध्यमात शिकतो. दोघांचा विज्ञानाचा अभ्यास मी घेते, परंतु मी कला शाखेची असल्यामुळे तीन ठिकाणी अडले आहे.

वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता आणि प्रजनन ही सजीवांची लक्षणे पाठ करून झाल्यावर पुतणीने धूळवाफ पेरणीसाठी राखून ठेवलेल्या भाताच्या बियाण्याकडे बोट दाखवून विचारले, की हे यांपैकी काहीच करत नाही, तर याला निर्जीव का म्हणायचे नाही? पुढे रुजते म्हणून ते सजीव, असे मी सांगितले. त्यावर, रुजेपर्यंत ते काय होते, हा तिचा प्रश्न तयारच होता.

दुसरी अडचण अशी, की रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या असे पुस्तकात आहे. पण बूच ही तर झाडाची मेलेली साल. मेलेल्या वस्तूत सजीवाच्या घटकाचा शोध लागला, हे मुलांना कसे पटवावे?

तिसरी अडचण शब्दांची आहे. पुतणीची ‘पेशी’ तिच्या भावाच्या पुस्तकात ‘जीवकोश’ आहे, आणि हिंदीच्या तासाला मांसपेशी म्हणजे स्नायू असे ऐकून आल्यापासून दोघेही गोंधळले आहेत.

प्रतिसाद १

ताई, आपल्या पुतणीचा प्रश्न योग्य आहे, कारण ती यादी प्रत्येक सजीवाला प्रत्येक क्षणी लागू पडतेच असे नाही. खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, तरी ते सजीव आहे. उलट मिठाच्या संपृक्त द्रावणात खडा मोठा होतो, तरी तो निर्जीवच, कारण त्याच्यावर बाहेरून थर चढतात. सजीवाची वाढ आतून, पेशींचे विभाजन होऊन होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना पेशीमय रचना आणि चयापचय (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक क्रिया) या दोन गोष्टी आधी विचारत असे. कोरड्या बियाण्यात अंकुर पेशींचाच बनलेला असतो. ओलावा कमी असल्यामुळे त्याचा चयापचय अतिशय मंदावलेला असतो, एवढेच. इस्रायलमधील मसाडा येथे सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजवण्यात आले, हे तिला अवश्य सांगावे. भाजलेले भात मात्र कितीही भिजवले तरी रुजत नाही, कारण त्यातील पेशी मेलेल्या असतात.

प्रतिसाद २

हुक यांना दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या मागे उरलेल्या रिकाम्या भिंती, म्हणजे पेशीभित्तिका होत्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ती घरे पाहून त्यांनी लहान खोली या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘सेल’ हे नाव दिले. हिरव्या वनस्पतींच्या अशा घरांत रस भरलेला असतो, हेही त्यांनी नोंदवले होते. त्यामुळे त्यांची दृष्टी केवळ मेलेल्या वस्तूवरच थांबली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिवंत सूक्ष्मजीव पाहिले ते डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी, १६७४ च्या सुमारास, स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून. रॉबर्ट ब्राउन यांनी पेशीच्या आतील केंद्रकाला नाव दिले ते १८३१ मध्ये, आणि सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला तो १८३८-३९ मध्ये. पेशी पाहणे आणि पेशी म्हणजे काय हे उमगणे, यांत पावणेदोनशे वर्षे गेली.

शब्दांचे म्हणाल, तर कन्नडमधील ‘कोश’ येथे मला अधिक नेमका वाटतो. रेशीमकिड्याचा कोश डोळ्यांसमोर आणला, की हुक यांना काय दिसले ते कळते. दोन्ही शब्द एकाच वहीत समोरासमोर लिहून ठेवावेत. मराठीत पेशींच्या समूहाला ‘ऊती’ म्हणतात आणि हिंदीतील मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, एवढेही त्याच पानावर नोंदवावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सूक्ष्मदर्शक घरी नाही, म्हणून बियाणे श्वसन करते हे दाखवायला घरच्या घरी काही करता येईल का?

प्रतिसाद १

मोड आलेले मूग एका बाटलीत आणि कोरडे मूग दुसऱ्या बाटलीत घालून, दोन्हींत चुन्याच्या निवळीची लहान वाटी अलगद ठेवावी आणि झाकणे घट्ट लावावीत. श्वसनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे मोडांच्या बाटलीतील निवळी लवकर दुधाळ होते. पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरचे स्वच्छ पाणी घ्यावे. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये.